जाळीवरचा मुलामा

भट्टीतून काढल्यानंतर सत्तावीस तासांनी जाळीच्या तिसऱ्या आडव्या तारेवरून मुलाम्याची एक टवकी उडाली. ती अर्धचंद्राच्या आकाराची होती. लांबी दोन मिलिमीटरपेक्षा थोडी कमी, वरून निळी, आतून राखाडी. उडताना बारीक आवाज झाला, तव्यावर एकच मोहरी तडतडावी तेवढा. मी घड्याळ पाहिले, वहीत वेळ लिहिली आणि जाळीला हात न लावता तिच्यासमोर बसून राहिले. पुढच्या तासाभरात आणखी चौदा टवक्या उडाल्या.

जाळी म्हणजे ओव्हनच्या पोटात बसवायची तारांची चौकट. तिच्यावर पाव-बिस्किटांचे पत्रे ठेवतात. नुसती लोखंडी तार गंजते म्हणून तिला मुलामा द्यायचा. लोक त्याला तामचिनी म्हणतात, कारखान्यात आम्ही इनॅमल म्हणत असू, पण शेवटी ती काचच. बारीक दळलेली काच पाण्यात कालवायची, त्यात जाळी बुडवायची, वाळवायची आणि लालभडक भट्टीत काही मिनिटे ठेवायची. काच वितळते आणि तारेला धरून बसते. आमच्या जाळ्यांवर ती बसत होती, एक दिवस.

इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या त्या कारखान्यात मी केमिस्ट होते. माझे वडील मिलमध्ये कारकून. मी होळकर कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. नेमणुकीच्या पत्रात मला 'केमिस्ट' म्हटले होते, हजेरीपटावर 'बाई' म्हटले होते, आणि माझ्या प्रयोगशाळेला सगळे 'बाईंची खोली' म्हणत.

कारखान्याचे मालक अप्पासाहेब. त्यांच्या चार पिढ्या संस्थानच्या घोडदळात गेल्या होत्या. संस्थान विलीन झाले, मध्य भारत राज्य झाले, घोडे गेले आणि हुद्देही गेले. अप्पासाहेबांनी काळाची पावले ओळखून उद्योग काढायचे ठरवले. काळाची पावले त्यांनी ओळखली होती, फक्त ती घोड्याची आहेत असा त्यांचा समज कायम होता. कारखान्यात पाळ्या नव्हत्या, पहारे होते. सुटी नव्हती, रजा बक्ष होत असे. दररोज सकाळी नऊ वाजता कचेरीत बैठक भरे. अप्पासाहेब मखमली कोचावर बसत, त्यांचे चिरंजीव आणि कारखान्याचे मॅनेजर जयसिंगराव उजवीकडे, हेडक्लार्क शंकरराव डावीकडे, आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे. माझी पायरी कोणाला ठरवता आली नाही, कारण घोडदळात केमिस्ट नसे. म्हणून मला खिडकीजवळ एक खुर्ची दिली होती, जी बैठकीत धरली जात नव्हती.

नव्या राज्याच्या एका खात्याकडून आम्हाला दोनशे चाळीस जाळ्यांची ऑर्डर मिळाली होती. राज्याला दोन राजधान्या होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. मंत्री आणि फायली ऋतूप्रमाणे ये-जा करत. खात्याने दोन्हीकडच्या विश्रामगृहांत विलायती ओव्हन बसवले, पण काटकसर म्हणून जाळ्यांचा संच एकच ठेवायचे ठरवले. जाळ्या राजधानीबरोबर रेल्वेने प्रवास करणार होत्या. म्हणून मुलामा टिकाऊ असला पाहिजे आणि तसे प्रमाणपत्र कारखान्याच्या केमिस्टच्या सहीने दिले पाहिजे, अशी अट होती. मला नोकरी मिळाली ती या अटीमुळे. हे जयसिंगरावांनी मला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले.

आता तारेविषयी. ती अप्पासाहेबांनी स्वतः एका लिलावात घेतली होती, नव्वद बंडले. लिलावाच्या दिवशी त्यांनी म्हणे एक टोक दोन्ही हातांनी वाकवून पाहिले, आणि सोडताच ते सरळ झाले. अप्पासाहेब प्रसन्न झाले. "ही वाकत नाही," ते म्हणाले, आणि सगळी बंडले घेतली. तार खरोखर उत्तम होती. कडक, चमकदार, एकसारख्या जाडीची. तिचे कुंपण घातले असते तर दोन पिढ्या टिकले असते.

पण मुलाम्याला मऊ तार लागते. कडक तारेत कार्बन जास्त असतो. भट्टीत तो जळतो, त्याचा वायू होतो आणि वितळलेल्या काचेखाली अडकतो. शिवाय तार साफ करायला तेजाबात, म्हणजे आम्लात, बुडवतात, तेव्हा ती हायड्रोजन पिऊन घेते. काच थंड होऊन घट्ट बसते, आणि मग आतला वायू एक-दोन दिवसांनी सावकाश बाहेर यायला लागतो. त्याला वाट नसते. तो वाट करतो.

हे मला चौथ्या आठवड्यात कळले. मी सियागंजच्या बाजारातून साध्या मऊ तारेची एक गुंडाळी आणली, दोन्ही तारा धार लावायच्या चाकावर धरून ठिणग्या पाहिल्या. मऊ तारेच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडाल्या, अप्पासाहेबांच्या तारेच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटले. मग दोन्ही तारांच्या पाच-पाच लहान जाळ्या केल्या, एकाच काचेत बुडवल्या, एकाच भट्टीत भाजल्या. मऊ तारेच्या पाचही जाळ्या आठवडाभर तशाच राहिल्या. दुसऱ्या पाचांवरून मी बशीभर टवक्या गोळा केल्या.

बशी आणि वही घेऊन मी जयसिंगरावांकडे गेले. ते हुशार गृहस्थ होते. वही त्यांनी पूर्ण वाचली, एक प्रश्नही अचूक विचारला, आणि म्हणाले, "चारुलताबाई, तुमचं म्हणणं बिलकुल बरोबर आहे. पण बात अशी आहे, की तार अप्पासाहेबांनी घेतलीय."

मी म्हटले, ते मला माहीत आहे.

"नाही, तुम्हाला फक्त खरेदीची तारीख माहीत आहे," ते म्हणाले. "मी काय सांगतोय ते नाही. त्यांनी घेतलेली वस्तू वाईट आहे असं या घरात कोणी म्हटलेलं नाही. एकदा आजोबांनी आंधळा घोडा घेतला होता. तो अकरा वर्षं पागेत होता. सगळे त्याला धीमा म्हणायचे."

योग्य वेळ पाहून आपण विषय काढू, असे त्यांनी मला वचन दिले. मी खोलीत परत आले आणि तेवढ्यात आणखी एक चाचणी करून ठेवावी असे ठरवले. म्हणजे वेळ येईल तेव्हा पुरावा भक्कम असेल.

दरम्यान बैठकीला कारण तर हवे होते. खोलीभर जाळ्या टवक्या सोडत असताना काहीच कारण नाही असे म्हणता येत नव्हते. पहिले कारण पाणी ठरले. नळाचे पाणी यशवंतसागर तलावाचे, ते इनॅमलला मानवत नाही, विहिरीचे आणा, असा हुकूम झाला. विहिरीच्या पाण्यात केलेली पहिली जाळी भट्टीतून निघाली ती नितळ, निळीशार. ती मखमलीच्या रुमालात बैठकीत आणली गेली, अप्पासाहेबांनी चष्मा लावून पाहिली आणि समाधान व्यक्त केले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तडतडायला लागली, तेव्हा ती कोठीत होती आणि बैठक कधीच उठली होती.

हीच पद्धत पुढे रूढ झाली. दोष पाण्यात नव्हता, म्हणून तो काचेत शोधला गेला आणि काच कलकत्त्याहून दुसरी मागवली. मग भट्टीचे तोंड दक्षिणेला आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले. ते फोडून पूर्वेला केले, त्यात पाच आठवडे गेले. प्रत्येक उपायानंतर ताजी जाळी बैठकीत येई, प्रत्येक उपाय लागू पडे आणि प्रत्येक उपाय दुसऱ्या दिवशी झाडूने गोळा करावा लागे. मी एखादी दोन दिवसांची जाळी उचलून अप्पासाहेबांच्या समोरच्या टेबलावर ठेवली असती तर सगळे पाच मिनिटांत संपले असते. माझ्या खोलीपासून ते टेबल एकवीस पावलांवर होते. मी मोजली होती.

मी चाचण्या करत राहिले. तार जाड असली तर काय होते, बारीक असली तर काय, तेजाबात दहा मिनिटे ठेवली तर काय, पंधरा ठेवली तर काय. वहीमागून वही भरली. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, वरिष्ठांची चूक कधी दाखवू नये, आपण आकडे द्यावेत, आकडे बोलतात. मी आकडे जयसिंगरावांना देत राहिले. ते प्रत्येक वेळी 'वा' म्हणत आणि कपाटात ठेवत.

संक्रांतीला अप्पासाहेबांच्या बंगल्यावरून तिळगुळाबरोबर नानकटाईचे मोठे ताट आले. आनंदीबाईंनी, म्हणजे अप्पासाहेबांच्या पत्नीने, ती स्वतः केली होती. बंगल्यावर नवा ओव्हन घेतला होता आणि त्यात जाळी अर्थातच आमची होती. बैठकीत ताट फिरले. मी घेतलेल्या नानकटाईच्या बुडाला एक निळी टवकी चिकटलेली होती, काढली तर आणखी दोन. मी वर पाहिले. शंकरराव फार हळू चावत होते. जयसिंगराव रुमालाने तोंड टिपत होते आणि रुमाल खिशात ठेवताना तो किंचित वाजला. ताट उचलून दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा कोणीही नाही म्हटले नाही. अप्पासाहेबांनी एक खाल्ली, थोडा वेळ काहीतरी जिभेने बाजूला केले, आणि म्हणाले, "खुसखुशीत झाली आहे."

"जी, बहुत खुसखुशीत," शंकरराव म्हणाले.

काच पोटात जाणे चांगले नाही, हे मला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त नेमके माहीत होते. मी माझी नानकटाई रुमालात बांधली आणि खोलीत जाऊन टवक्यांची जाडी मोजली.

सरकार ग्वाल्हेरला होते हा आमचा मोठा आधार. जाळ्यांची फाइल हिवाळ्यात तिकडे गेली होती आणि राजधानी इंदूरला परत येईपर्यंत कोणी काही विचारणार नव्हते. मे महिन्यात राजधानी आली. फाइल आली. त्यापाठोपाठ पत्र आले, की खात्याचे इन्स्पेक्टर सोमवारी सकाळी अकराला माल पाहायला येतील.

आमच्या कोठीत तेव्हा एकशे ऐंशी जाळ्या होत्या. एकीवरही अखंड मुलामा नव्हता.

गुरुवारी जयसिंगरावांनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर माझ्या सातही वह्या होत्या. मला वाटले वेळ आली.

"तुमच्या कामाचा फार उपयोग झाला," ते म्हणाले. "तुमच्या हिशेबानं पहिली टवकी सत्तावीस तासांच्या आत कधी उडत नाही. बरोबर?"

मी म्हटले, बरोबर, सदुसष्ट चाचण्यांत एकदाही नाही.

"मग उरलेल्या साठ जाळ्या आपण रविवारी दुपारी भाजू. इन्स्पेक्टर सोमवारी अकराला येणार, माल पाहणार, सही घेणार, दीडपर्यंत पेटीबंद. पुढे जे होईल ते रेल्वेत होईल. रेल्वेत काय होईल ते कोण सांगणार?"

सात महिने मी इतक्या काळजीने मोजलेला आकडा असा उपयोगी पडेल, हे माझ्या कोणत्याही वहीत नव्हते.

राहिल्या एकशे ऐंशी जाळ्या. त्या लपवता येण्यासारख्या नव्हत्या, कारण फायलीत त्यांची नोंद होती. त्यांचेही जयसिंगरावांनी ठरवले होते. दोष सापडला, दोषी माणसाला काढले आणि आता माल निर्दोष आहे, असे दाखवायचे. फायलीला तेवढे पुरते. दोषी माणूस म्हणजे संताजी. शनिवारच्या बैठकीत त्याला काढायचे आणि सोमवारी प्रमाणपत्रावर मी सही करायची. प्रमाणपत्र टाइप होऊन तयार होते.

संताजी भट्टी सांभाळत असे. आधी तो अप्पासाहेबांच्या पागेत नालबंद होता, वीस वर्षे. घोडे गेले तेव्हा त्याला अप्पासाहेबांनी सोडले नाही, भट्टीवर लावले. कारखान्यामागच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. नोकरी गेली की खोली जाणार होती, आणि साठीला आलेल्या नालबंदाला त्या काळात इंदुरात कोण ठेवणार होते. घोडे टांग्यांचे तेवढे उरले होते आणि त्यांचे नालबंद ठरलेले होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी भट्टीवर गेले. संताजी राख काढत होता. त्याला बातमी कळलेली होती. कारखान्यात बातमी हुकुमाच्या आधी पोचत असे, म्हणूनच हुकूम इतक्या सावकाश निघत.

मी त्याला सांगितले, की दोष त्याच्या हाताचा नाही, भट्टीचाही नाही, तारेचा आहे, आणि माझ्याकडे सात वह्या आहेत.

त्याने फावडे भिंतीला टेकवले. "बाईजी, ती तार आली ना, त्याच दिवशी मी ती चाकावर धरली होती," तो म्हणाला. "फुलझडी उडाली. बीस साल नाल ठोकले, लोहा ओळखता नाही येणार का मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोणाला? सरकारांनी घेतलेली तार आहे. ती खराब कशी असेल? त्यापेक्षा मी खराब असणं सोपं." तो हसला, पण थोडेच. "आणि सच सांगू, बाईजी, सात महिने रोज ऐकतोय, की संताजीचा हात बिघडला. आता रात को लेटतो तेव्हा वाटतं, बिघडलाही असेल. अपने हात में अब वो बात नी री. तुमच्या त्या वह्यांत माझ्या हाताचं काही लिहिलंय का?"

मी म्हटले, "तुमचा हात सदुसष्ट वेळा एकसारखा आहे. उष्णता कधी दहा अंशांच्या पलीकडे चुकलेली नाही."

"हे लिहिलेलं आहे?"

"लिहिलेलं आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि फावडे उचलले. त्याला तेवढेच हवे होते असे वाटले. ते मला फार अवघड गेले.

घरी जाऊन मी सातही वह्यांच्या नकला काढून बसले. मला काहीतरी नवे सापडेल असे वाटत होते, एखादी राहून गेलेली चाचणी, जी सोमवारपर्यंत करता येईल. सापडले ते इतकेच, की दहाव्या चाचणीनंतर एकही नवी गोष्ट कळली नव्हती. पुढच्या सत्तावन्न मी का केल्या, ते कुठेही लिहिलेले नव्हते. अप्पासाहेब बैठकीत 'पाहू' म्हणत, जयसिंगराव 'योग्य वेळी' म्हणत, आणि मी 'आणखी एक नमुना' म्हणत होते. आम्हा तिघांत माझे अक्षर चांगले होते एवढाच फरक.

शनिवारी नऊ वाजता बैठक भरली. संताजी दाराशी उभा होता, धुतलेला सदरा घालून, डोक्याला पागेच्या दिवसांतला जुना साफा. शंकररावांनी कागद वाचला. भट्टीवरील इसमाच्या हयगयीमुळे एकशे ऐंशी नग खराब झाले, सबब त्यास आजपासून कामावरून दूर करण्यात येत आहे. वाक्य लांब होते आणि त्यात तार हा शब्द नव्हता.

यानंतर एक रिवाज होता. घोडदळातून एखाद्या शिपायाला काढायचे असले तर हुकुमावर मोहोर करण्याआधी सरदाराने तीनदा विचारायचे, कोणाची अर्जी आहे का. शंकरराव मागे एकदा मला सांगत होते, की त्यांच्या बावीस वर्षांत या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही. एकदा कोणीतरी खोकले होते, तेव्हा काय करावे ते न कळल्याने प्रकरण आठवडाभर तहकूब ठेवले गेले.

अप्पासाहेबांनी विचारले, "कोणाची अर्जी?"

सगळे जमिनीकडे पाहत होते. संताजीही.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. जयसिंगरावांनी पुढचा कागद, म्हणजे माझे प्रमाणपत्र, हळूच वर काढून ठेवला.

तिसऱ्यांदा विचारण्याआधी अप्पासाहेब थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले असे मला वाटले, पण त्या वेळी माझे घड्याळाकडे लक्ष नव्हते. मग त्यांनी विचारले.

"माझी आहे," मी म्हणाले.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. शंकररावांनी खोकला कोणी काढला हे पाहावे तसे इकडेतिकडे पाहिले. मी खुर्चीवरून उठले, कारण बसून अर्जी करतात की उभे राहून ते मला माहीत नव्हते आणि उभे राहणे सुरक्षित वाटले.

"संताजींचा दोष नाही," मी म्हणाले. "पाण्याचा नाही, काचेचा नाही, भट्टीच्या तोंडाचा नाही. तार कडक आहे. तिच्यावर मुलामा टिकत नाही आणि टिकणार नाही. मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही."

जयसिंगराव अर्धे उठले आणि म्हणाले, की बाईंना उन्हाचा त्रास होतो आहे. अप्पासाहेबांनी हात वर केला, आणि ते तसेच अर्धे उठलेले राहिले.

अप्पासाहेब माझ्याकडे पाहत होते. बैठकीत त्यांनी खिडकीकडे पाहण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी विचारले, हे मला केव्हा कळले. मी सांगितले, चौथ्या आठवड्यात.

"आज कितवा आठवडा?"

"एकतिसावा."

"सत्तावीस आठवडे तुम्ही काय करत होतात?"

मी म्हटले, "चाचण्या." दुसरे खरे उत्तर नव्हते.

मग अप्पासाहेब कोचाच्या हातावरून बोट फिरवत, कोणालाही उद्देशून नाही असे, बोलायला लागले. त्यांना स्वतःला ही शंका डिसेंबरातच आली होती. लोखंडातले त्यांना कळत नव्हते, पण आनंदीबाईंनी जाळी धुताना हात कापून घेतला तेव्हा कळायचे ते कळले. मात्र तार घेतली हा त्यांचा शब्द होता. या घराण्यात दिलेला शब्द आपण होऊन मागे घेत नाहीत. कोणाची अर्जी आली तरच तो फिरवता येतो. म्हणून ते रोज बैठकीत थांबून पाहत होते. पाण्याच्या वेळी थांबले, काचेच्या वेळी थांबले, भट्टीचे तोंड फोडताना तर दोन दिवस थांबले.

"तुमच्यापैकी एकानंही अर्जी केली नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, इतकी माणसं गप्प आहेत, म्हणजे तार चांगली असेल."

जयसिंगराव सावकाश खाली बसले. त्यांचे डोळे खिडकीबाहेर कोठीच्या दाराकडे लागले होते, आणि मला पहिल्यांदा वाटले, की त्यांनाही माझ्याइतकाच थकवा आला आहे.

मग जयसिंगराव हळू आवाजात म्हणाले, की ठीक आहे, तार बदलू, पण सोमवारनंतर. इन्स्पेक्टरांना एवढ्या साठ जाळ्या दाखवून ऑर्डर हातात ठेवू, नव्या मागाहून देऊ. ऑर्डर गेली तर कारखान्याला दुसरी नाही. आणि संताजीला कागदावर काढायचे, महिन्याने परत घ्यायचे. यात कोणाचेच नुकसान नव्हते. त्यांनी हे इतके नेटके मांडले, की शंकररावांनी मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

अप्पासाहेबांनी शंकररावांच्या हातातून संताजीचा कागद मागून घेतला. चष्मा लावून तो पूर्ण वाचला, ओठ हलवत, जणू पहिल्यांदाच. मग माझे न सही केलेले प्रमाणपत्र घेतले आणि तेही वाचले. दोन्ही कागद त्यांनी एकावर एक ठेवले, आडवे फाडले आणि शंकररावांच्या हातात परत दिले. शंकररावांना ते कुठे नोंदवायचे कळले नाही, म्हणून ते तुकडे घट्ट धरून उभे राहिले.

"संताजी," अप्पासाहेब म्हणाले.

संताजी एक पाऊल आत आला आणि त्याने मुजरा केला.

"ती बंडलं सांवेरच्या शेतावर पाठव, कुंपणाला. भट्टी तुझ्याकडेच राहील. शंकरराव, खात्याला आजच लिहा, की सोमवारी येऊ नये, दाखवायला माल नाही. जाळ्या खराब आहेत. भट्टीवाल्यानं खराब केल्या नाहीत. तार आम्ही घेतली होती, आणि ती घेण्यात आमची चूक झाली."